एक्स-रेच्या फिल्मवरची पोरगी

फोटो हा माणसापेक्षा वाईटच आला पाहिजे, असं मामांचं ठाम मत होतं.

"फोटो चांगला अन् माणूस वाईट निघाला, तर पाहणाऱ्याचं तोंड पडतं," ते म्हणायचे. "फोटो वाईट अन् माणूस चांगला निघाला, तर पाहणारा खूश. मंग बरा कोणता, तुमीच सांगा."

हा प्रश्न ते ज्याला विचारायचे, त्याच्या हातात त्या वेळी मामांनीच काढलेला त्याचा फोटो असायचा. त्यामुळं उत्तर द्यायच्या मनःस्थितीत कोणी नसायचं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जवळा बाजारला हाडांच्या डॉक्टरांचा एक दवाखाना होता. मी खिडकीत बसून केसपेपर लिहायची आणि मामा आतल्या अंधाऱ्या खोलीत एक्स-रे काढायचे. आमचं नातं काही नव्हतं. डॉक्टरांपासून झाडणाऱ्या मावशीपर्यंत सगळेच त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणे. पन्नाशीचे, काटकुळे, कानावर केसांचे झुपके. खिशात पेन नसायचा, पण नेलकटर कायम. एक्स-रेच्या फिल्मला दोन्ही बाजूंनी मसाला असतो आणि तो ओला असताना नुसतं नख लागलं तरी ओरखडा उठतो, म्हणून मामा दर सोमवारी नखं पार मुळापर्यंत कापायचे. स्वतःची तर कापायचेच, पण टेबलावर ठेवलेला माझा हात दिसला की माझ्याही नखांकडं असे बघायचे, की मी हात ओढून घेई.

त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, हाडं राहत. बाजारच्या दिवशी चहाच्या टपरीवर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायचे, "काय डावं मनगट, बरं हाय का?" "ओ उजवा घोटा, लंगडून काहून राहिले पुन्हा?" लोकही उत्तर द्यायचे. एकदा एका बाईला त्यांनी भर बाजारात "तिसरी बरगडी" म्हणून हाक मारली, तेव्हा तिचा नवरा भांडायला आला. मामांनी त्याला निरखून पाहिलं आणि म्हणाले, "तुमचा तर खुबा न्हाई का?" तो खुबाच होता. मग दोघांनी चहा घेतला.

दवाखान्यात फिल्मची खोकी येत. त्यातली काही मुदत संपून पडून राहत. मुदतीबाहेरच्या फिल्मवर हाड धड दिसत नाही, म्हणून डॉक्टरांनी एकदा तीन खोकी फेकून द्यायला सांगितली. मामांनी डॉक्टरांनाच विचारून ती घरी नेली. नेली ती नेली, आणि त्यांच्या डोक्यात भरलं की यावर फोटो काढायचा.

"वीस वर्षं माणसाचं आतलं पाहिलं," ते मला म्हणाले. "आता म्हटलं, बाहेरून कसे असतेत ते तर पाहू."

फिल्म दहा बाय बाराची, म्हणजे केसपेपराहून मोठी. एवढी फिल्म ज्यात बसेल असा कॅमेरा बाजारात मिळेना. मग मामांनी बैलगाड्या करणाऱ्या सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली. पुढचं भिंग हैदराबादच्या भंगारवाल्याकडून आलं. मधला भाता छत्र्या दुरुस्त करणाऱ्याकडून शिवून घेतला, छत्रीच्या काळ्या कापडाचे तीन पदर घालून. मागची काच पाहिजे होती दुधी. ती कुठं मिळेना, तेव्हा मामा एक साधी काच घेऊन वारंगा फाट्याला गेले आणि तिथल्या ट्रकच्या मिस्त्रीजवळ बसून, इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायचं मलम लावून दिवसभर ती घासत बसले. मिस्त्री म्हणाला, "साहेब, चांगली काच खराब काहून करून राहिले?" मामा म्हणाले, "आरपार दिसते म्हणून."

पेटी तिपाईवर चढवली की मामा डोक्यावरून काळं घोंगडं ओढून मागं वाकत. घोंगडं पुसेगावच्या एका मेंढपाळाकडून घेतलेलं, अस्सल लोकरीचं. भर एप्रिलमध्ये मामा त्याच्या आत आणि बाहेर बघ्यांची गर्दी. आतून बाहेर आले की घामानं निथळत आणि मेंढराचा वास मारत. नव्या माणसाला वाटे, मामाला हिवताप भरला.

मागच्या काचेवर चित्र उलटं दिसतं. खाली डोकं, वर पाय. हे मामांनी कौतुकानं एका म्हातारीला दाखवलं, तिच्या नातवाला उभं करून. म्हातारीनं पाहिलं, आणि तिची पाळी आली तेव्हा लुगडं दोन्ही हातांनी घट्ट धरून ओरडली, "मला उलटं करून पाहतो व्हय रे मेल्या!" तिचा फोटो तसाच आला. लुगडं धरलेली, तोंड उघडं. तो मामांचा आवडता फोटो होता.

कॅमेऱ्याला खटका नव्हता. भिंगावर चहापत्तीच्या डब्याचं झाकण. ते काढायचं, मनातल्या मनात मोजायचं आणि पुन्हा बसवायचं. पण मामा मोजत आकड्यांनी नाही, तर स्टेशनांनी. पूर्णेहून अकोल्याकडं जाणारी छोट्या रुळांची गाडी तेव्हा सुरू होती. मामा झाकण काढत आणि सावकाश म्हणत, "पूर्णा... वसमत... हिंगोली..." उन्हात फोटो वसमतला आटपे. सावलीत हिंगोली. आभाळ असलं तर वाशीम. "तुमचा फोटो वाशीमपर्यंत हाय, हालू नका," असं ते बजावत. पुसेगावच्या त्या मेंढपाळाचा फोटो हिंगोलीपर्यंत होता. त्याच्या कडेनं दहा-बारा मेंढरं उभी होती. मेंढरं हलली नाहीत, तोच हलला. फोटोत मेंढरांची लोकर न लोकर स्पष्ट, आणि मधोमध पांढऱ्या पटक्याचं धुकं. त्यानं फोटो बराच वेळ पाहिला, बोट ठेवून मेंढरं मोजली आणि म्हणाला, "बराबर आलीत सगळी." खुशीत घेऊन गेला.

या फिल्मची खरी खोड वेगळीच होती. तिला लाल रंग दिसत नाही. म्हणूनच ती लाल दिव्याच्या उजेडात धुता येते. पण जे तिला दिसत नाही ते फोटोत काळं येतं. कुंकू काळं, ओठ काळे, आणि माणसाच्या कातडीतला तांबूसपणा काळा म्हणून गोराही सावळा आणि सावळा कोळसा. उलट निळं ते पांढरं. गावातल्या एका पुढाऱ्यानं निवडणुकीच्या पत्रकासाठी मामांकडून हौसेनं फोटो काढून घेतला. गृहस्थ रात्रंदिवस पान खायचे. फोटोत ते छान हसले होते, पण दात एकही नव्हता. लाल झालेले सगळे दात काळोखात गडप. मामांनी गंभीरपणे सांगितलं, "साहेब, मतदार प्रत्यक्षात पाहतीन तवा खूश होतीन." पुढाऱ्यानं मामांशी बोलणं टाकलं.

तोवर मी हे सगळं हसत हसत बघत होते, कारण ते दुसऱ्यांचं होतं.

त्या वर्षी माझ्या लग्नाचं चाललं होतं. रंगानं मी सावळी, गालांवर लहानपणीच्या कांजण्यांचे चार-पाच वण. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला हिंगोलीच्या एका स्टुडिओत नेऊन रंगीत फोटो काढून आणला होता. स्टुडिओवाल्यानं तोंडावर एवढे दिवे सोडले आणि नंतर ब्रशनं एवढी मेहनत घेतली, की फोटोतली मुलगी मलाही आवडायची. तो फोटो पाहून चार स्थळं आली. चारी वेळा एकच झालं. पाहुणे हसत अंगणात येत, मी चिरमुऱ्यांच्या सुशीलाच्या ताटल्या घेऊन बाहेर येई, आणि माझ्याकडं नजर जाताच त्यांचे चेहरे उतरत. तो सुशीला आई इतका चांगला करायची, की पाहुणे खायचे मात्र पोटभर. मग "घरी विचार करून कळवतो." चौथ्या वेळी तर मुलाच्या काकानं फोटो खिशातून काढून माझ्या तोंडाशेजारी धरून पाहिला.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात रडत होते. मामांनी कारण विचारलं, मी सांगितलं. त्यांनी मला दवाखान्याच्या पायरीवर बसवलं आणि पेटी आणली.

"मला न्हाई काढायचा," मी म्हणाले.

"बसा. वसमतपर्यंतच हाय."

मी त्यांच्याकडं असं रागानं पाहिलं, की वसमत येईपर्यंत पापणीसुद्धा हलली नाही. फोटो बघितला तेव्हा माझा जीव गेला. बाजरीची भाकरी तव्यावर विसरावी तसं तोंड. कांजण्यांचा एकेक वण मोजून घ्यावा असा. ओठ काळे, टिकली काळी आणि डोळे एखाद्याला खाऊ की गिळू. मी तो फोटो मामांच्या देखत फाडला. मूळ फिल्म त्यांच्याकडंच होती.

पुढच्या आठवड्यात वाशीमच्या एका स्थळानं माहिती मागवली. मुलगा तिथल्या शाळेत कारकून. मी रंगीत फोटो, पत्रिका, चिठ्ठी असं सगळं पाकिटात घातलं. त्या दिवशी मान वर करायला फुरसत नव्हती एवढी कामं होती, आणि मामा स्टँडकडंच निघाले होते. मी म्हणाले, "मामा, एवढं टपालात टाका."

टाकलं त्यांनी.

वाशीमकर आले ते रविवारी दुपारी. मुलगा, त्याची आई आणि एक मावसभाऊ. मुलाची आई उंच, ठसठशीत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हिरवं लुगडं. ओसरीवर सतरंजीवर बसली ती न्यायाधीशासारखी. मी ताटल्या घेऊन बाहेर आले. बाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला नाही. उलट कपाळावर आठ्या चढल्या.

"ही कोण?" त्या म्हणाल्या.

"हीच मुलगी," अण्णा म्हणाले.

"मला काय दिसत न्हाई व्हय? फोटोतली पोरगी कुठंय? तिला बाहेर आणा."

त्यांनी पिशवीतून फोटो काढला. तो बघून अण्णांच्या हातातला तांब्या सतरंजीवर कलंडला. मला मात्र सगळं एका क्षणात कळलं.

"ही गोरी हाय, ती काळी हाय," बाई कडाडल्या. "धाकटी दाखवायची अन् थोरली गळ्यात बांधायची! आमी वाशीमचे असलो म्हणून येडे न्हाई."

आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी गोरी म्हणालं होतं, आणि तेही फसवणुकीच्या आरोपाखाली. आनंद मानावा की रडावं ते कळेना. अण्णा शपथा घेऊ लागले की मला एकच मुलगी आहे. बाईंनी मावसभावाला स्वयंपाकघर बघून यायला सांगितलं. तो आत गेला आणि आईशिवाय कोणी नाही असं सांगत बाहेर आला. "मंग आजोळी ठेवली असन," बाई म्हणाल्या, आणि उठून पायात चप्पल घालू लागल्या.

पाचवं स्थळ. अण्णांचा चेहरा मला बघवेना. मी ताटल्या खाली ठेवल्या आणि म्हणाले, "तुम्ही फक्त एक तास थांबा. ज्यांनी फोटो काढला त्यांना बोलावते."

शेजारचा पोरगा सायकलवर जाऊन निरोप देऊन आला, आणि मामा आले ते पेटी, तिपाई, घोंगडं असा सगळा संसार घेऊनच. जणू वाटच बघत होते. अण्णांनी विचारलं, "हा फोटो तुम्ही पाठवला?"

"व्हय," मामा म्हणाले. "म्हटलं, चार डाव चांगला पाठवून पाहिला. एक डाव वाईट पाठवून पाहू."

अण्णा अंगावर धावून गेले असते, पण मध्ये तिपाई होती. मामांनी बाईंना फिल्मचं गणित सांगितलं. लाल ते काळं, निळं ते पांढरं. बाई म्हणाल्या, "तुमी बी ह्यांच्यातलेच."

"मंग तुमचाच काढतो. बसा खुर्चीत. लेकाला मागं उभं करा."

या बाईंना भीती कशाचीच नव्हती. त्या बसल्या. मुलगा मागं उभा राहिला, आकाशी शर्ट घालून. आला तेव्हापासून त्यानं एक शब्द काढला नव्हता. मामा घोंगड्यात शिरले, बाहेर आले आणि झाकणाला हात घालत म्हणाले, "सावली हाय. तुमचं गाव येईस्तोवर हालायचं न्हाई."

"पूर्णा... वसमत... हिंगोली..."

बाई दगडासारख्या. फक्त वाशीम आल्यावर म्हणाल्या, "उतरायचं का आता?"

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडं होता. मामा तिकडं गेले आणि आम्ही इकडं बसून राहिलो. सुशीला थंड झाला. तासाभरानं मामा आले. वाळवायला वेळ नव्हता, म्हणून ओल्या फिल्मवरच ओला कागद दाबून त्यांनी फोटो छापला होता. पाणी ठिबकत होतं. त्यांनी तो स्टीलच्या ताटात घालून बाईंपुढं ठेवला.

आम्ही सगळे वाकलो. मुलाचा आकाशी शर्ट दुधासारखा पांढरा झाला होता आणि त्यावर त्याचं तोंड काळंभोर. बाई तर घरातल्या कढईच्या बुडासारख्या. कपाळावर कुंकवाच्या जागी गोळी लागल्यासारखं भोक. ओठ काळे, सुरकुती न सुरकुती वर आलेली.

आधी मुलगा हसला. एकदम, तोंडावर हात न घेता, मोठ्यानं. मग मावसभाऊ. मग दारातून बघणारी माझी आई. मी ओठ दाबून धरले होते. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ताट मांडीवर ओढलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. हसू हळूहळू विरलं. मामांनीसुद्धा हातात खेळवत असलेलं नेलकटर खिशात ठेवून दिलं.

"ही तर माझी माय हाय," बाई म्हणाल्या.



"अश्शीच व्हती. काळी. तिचा फोटो न्हाई आमच्याकडं. तीस वर्षं झाली जाऊन." त्यांनी ओल्या फोटोवर बोट टेकवलं, आणि मामा कळवळून ओरडले, "नख! नख लावू नका!"

बाईंनी बोट उचललं. मला जवळ बोलावलं. मी गेले. त्यांनी तेच ओलं बोट माझ्या गालावर जोरात घासलं, वणांवरून, आणि पावडर लागली का ते बघितलं. बोट स्वच्छच होतं. मग त्यांनी मुलाकडं पाहिलं. मुलानं मान डोलावली. बाई पुन्हा मांडी घालून बसल्या आणि आईला म्हणाल्या, "हे सुशीलं गार झालं. दुसरं टाका."

लग्न झाल्यावर मी नवऱ्याला विचारलं, एवढा भयंकर फोटो बघून तुम्ही आलातच कसे? तो म्हणाला, "घरात सतरा फोटो होते. सगळ्या पोरी एकसारख्या हासून राह्यल्या होत्या. तूच एकटी रागावली होतीस. म्हटलं, कोणावर रागावली ते तरी पाहून येऊ." मी सांगितलं, कोणावर. सासूबाईंनी तो ठिबकता फोटो वाळवून देवघराशेजारी लावला. आल्या-गेल्याला त्या सांगत, ही माझी माय. मागं पांढऱ्या शर्टात कोण उभा आहे हे कोणी विचारलं, तर म्हणत, असंल कोणी.

मी मामांचे आभार मानले नाहीत. मानायला गेले होते, पण त्यांनी उडवून लावलं. "म्या काय केलं? फिल्लमनं केलं. तेवढं त्या पुढाऱ्यालाबी सांगा."

पुढं वाशीमला संसार, मुलं, आणि जवळा बाजारला जाणं सणावारापुरतं उरलं. दवाखान्यात कॉम्प्युटरची मशीन आली. फिल्मची खोकी यायची बंद झाली, तशी मुदत संपायचीही बंद झाली. मामांनी शेवटची खोकी पुरवून पुरवून वापरली. मग पेटीत मामींनी पापड ठेवले, असं कळलं.

शेवटची भेट झाली ती ते पडल्यावर. न्हाणीत घसरून खुब्याला मार लागला होता आणि नांदेडला नेऊन मोठ्या मशीनमध्ये तपासणी करून आणलं होतं. मी गेले तेव्हा मामा खिडकीपाशी खाटेवर होते. चिडलेले.

"फिल्लम मागितली तिथल्या पोरीला," ते म्हणाले. "म्हटलं, माझं हाड हाय, मला पाहू दे. तर म्हणते, फिल्लम नसते आता, ही घ्या." त्यांनी उशाखालून कागदी पाकीट काढलं. आत सीडी होती. आरशासारखी चकचकीत.

मी म्हणाले, "मामा, ती कॉम्प्युटरमध्ये घालावी लागते."

पण चाळीस वर्षांची सवय. त्यांनी सीडी दोन बोटांच्या टोकांवर, कडेनं अलगद धरली आणि खिडकीच्या उजेडाकडं उचलली. मान तिरकी करून, एक डोळा बारीक करून बघितलं. फिरवून बघितलं. छतावर इंद्रधनुष्याचा एक तुकडा इकडून तिकडं पळाला. मामी चहा घेऊन दारात थांबल्या. मामा पुष्कळ वेळ बघत होते.

"काय दिसतं?" मी विचारलं.

त्यांनी हनुवटीवरून हात फिरवला, सीडी जरा जवळ घेतली, पुन्हा बघितलं, आणि मामींना म्हणाले, "न्हाव्याला निरोप धाडा. दाढी लई वाढली."